फूस कोणाची?

सुदर्शन खळदकर सरांनी आयुष्यात शेकड्यांनी भाषणं लिहिली, पण ती केली सगळी दुसऱ्यांनी. विश्रांतवाडीतल्या त्या शाळेत पंधरा ऑगस्टला चिमुरडी पोरं हात हलवून हलवून जे बोलायची, ते सरांचं. संस्थेचे अध्यक्ष वार्षिक अहवालात जे मनोगत व्यक्त करायचे, ते मनोगतही सरांचंच. कोणी शिक्षक निवृत्त झाले की सहकाऱ्यांचा कंठ दाटून यायचा, तो नेमका कुठे दाटायचा हेसुद्धा सर कंसात लिहून द्यायचे. एकदा एका शिपायाचा निरोपसमारंभ होता. त्याच्या गौरवाचं भाषण सरांनी लिहिलं, आणि त्यावर त्याने द्यायचं उत्तरही सरांनीच लिहिलं. तो बिचारा स्वतःबद्दलची माहिती पहिल्यांदाच कळतेय अशा चेहऱ्याने ते वाचत राहिला.

आता यात वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. काहीच नाही. आपल्याकडे पद्धतच आहे ती. पोरगं वक्तृत्व स्पर्धेत उभं राहतं तेव्हा भाषण लिहितात बाई, पाठ करून घेते आई, हातवारे बसवतो क्लासवाला, आणि परीक्षक म्हणतात, काय विचार आहेत हो या वयात. सर या पद्धतीत मुरलेले. माणूस स्वतःचं स्वतः बोलतो ही गोष्ट त्यांच्या ऐकिवात होती, पाहण्यात आलेली नव्हती.

एवढं सगळं करून सर होते प्रभारी मुख्याध्यापक. प्रभारी म्हणजे खुर्ची तुमची, पण पाठ टेकायची नाही. वर्षानुवर्षं ते असे ताठ बसून होते. ऑफिसात एक लाकडी फलक आहे, आजवरच्या मुख्याध्यापकांची नावं त्यावर पिवळ्या रंगाने रंगवलेली. त्यात प्रभारी माणसाचं नाव घालत नाहीत. सरांची निवृत्ती आता फार लांब नव्हती, आणि आपण गेल्यावर या इमारतीत आपलं नाव कुठेच नसेल, या विचाराने त्यांना खरोखर वाईट वाटायचं. हसण्यासारखं नाही ते. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घातले, त्याला एका ओळीत स्वतःचं नाव हवं होतं, इतकंच.

ती ओळ होती जयसिंगभाऊंच्या हातात. भाऊ संस्थेचे उपाध्यक्ष आणि विभागाचे माजी नगरसेवक. महापालिकेच्या निवडणुकाच इतक्या लांबल्या होत्या, की पुण्यात त्या काळात सगळेच माजी होते, पण भाऊंचा रुबाब आजीच होता. आता निवडणूक लागणार अशी हवा होती आणि भाऊंनी सरांना शब्द दिला होता. तेवढी निवडणूक होऊ द्या, म्हणाले, मग तुमचं कायम करून टाकू. सरांच्या घरी ही बातमी सगळ्या नातेवाइकांना फोन करकरून कळवून झालेली होती.

शाळेच्या मागच्या बाजूला भाऊंचं लॉन्स आहे, लग्नाचं. लग्न म्हटलं की गाड्या आल्या, आणि गाड्या म्हटल्या की आळंदी रोडवर कुठे लावणार? म्हणून शाळेचं अर्धं मैदान तारेचं कुंपण घालून लॉन्सच्या पार्किंगला दिलेलं होतं. तात्पुरतं. दोन वर्षांपासून तात्पुरतं. मुलींच्या खो-खोचे दोन्ही खांब उपटून प्रयोगशाळेत ठेवले होते, हाडांच्या सापळ्याशेजारी. पीटीचा तास व्हरांड्यात व्हायचा. यावर कोणी चकार शब्द काढला नव्हता, कारण तात्पुरत्या गोष्टीबद्दल कोण कशाला वाईटपणा घेईल?

तर निवडणुकीची हवा सुटली आणि भाऊंच्या प्रचाराचं काम पाहणाऱ्या हिंजवडीच्या कंपनीने डोकं लढवलं. भाऊ शाळेत येणार, मुलं त्यांना मोकळेपणाने प्रश्न विचारणार, भाऊ मोकळेपणाने उत्तरं देणार, आणि त्याचे छोटे छोटे व्हिडिओ करून सगळीकडे सोडणार. कंपनीतर्फे उत्कर्षा नावाची एक चटपटीत मुलगी आली. पंचविशीची असेल. सरांना म्हणाली की सगळं अगदी ऑरगॅनिक वाटायला हवं. सरांना ऑरगॅनिक म्हणजे भाजी एवढंच ठाऊक. पण मान डोलावली आणि घरी जाऊन त्यांनी मुलांचे मोकळे प्रश्न लिहून काढले. भाऊंची मोकळी उत्तरंही लिहिली. भाऊंना पाठांतराची सवय नव्हती, तर ती आठवडाभर गाडीत बसल्या बसल्या करून घ्यावी लागली.

शेवटचा प्रश्न दिला होता रुमानाला. आठवी ब. आवाज असा, की माइक नसला तरी चाललं असतं. खो-खोच्या संघाची कप्तान, म्हणजे संघ होता तेव्हाची. तिचे वडील नियाजभाई आळंदी रोडवर सोफे आणि गाद्या दुरुस्त करतात, पणजोबांपासूनचे पुण्याचेच. तिने विचारायचं होतं, भाऊ, तुम्ही दिवसरात्र लोकांसाठी धावता, तुम्हाला थकवा येत नाही का? त्यावर भाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचं होतं, बाळा, तुमच्यासारखी मुलं पाहिली की थकवा पळून जातो. मग टाळ्या. तालमीत हे इतकं झकास जमलं, की सरांच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं.

कार्यक्रमाच्या दिवशी रुमाना माइकपाशी आली, नमस्कार केला आणि बोलली.

"भाऊ, तुम्ही दिवसरात्र लोकांसाठी धावता. मग आम्ही कुठे धावायचं? आमच्या मैदानात तुमच्या लॉन्सच्या गाड्या असतात. खो-खोचे खांब प्रयोगशाळेत पडलेत. ते परत कधी लावणार?"

आणि भाऊंचं दुर्दैव बघा. आठवडाभर घोकलेलं एकच उत्तर त्यांच्या तोंडाशी तयार होतं, तेच बाहेर पडलं. त्यांनी रुमानाच्या डोक्यावर हात ठेवला, गोड हसले आणि म्हणाले, "बाळा, तुमच्यासारखी मुलं पाहिली की थकवा पळून जातो."

मागच्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं. मग आख्खी दहावी हसली. मग काही शिक्षक खोकायला लागले. उत्कर्षाने कॅमेरा बंद करवला खरा, पण शाळेत मोबाइल आणायला बंदी असल्यामुळे तो फक्त शंभरेक पोरांकडेच होता. संध्याकाळपर्यंत धानोरीपासून येरवड्यापर्यंत सगळ्यांचं बघून झालं.

आता खरी गंमत पुढे आहे. त्या व्हिडिओवर हजार लोक हजार गोष्टी बोलले, पण मैदानाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. सगळ्यांना पडलेला प्रश्न एकच. हिला फूस कोणाची?

भाऊंच्या विरोधात उभे राहणार होते कोंडीरामअण्णा. त्यांनी दुसऱ्याच दिवशी चौकात फ्लेक्स लावला. 'आमच्या विभागाची वाघीण' म्हणून रुमानाचा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो, आणि त्याच्या तिप्पट मोठा अण्णांचा. विचारलं कोणाला? कोणालाही नाही. वर शाल-श्रीफळ आणि फोटोग्राफर घेऊन अण्णा नियाजभाईंच्या दुकानात हजर झाले. शाल खांद्यावर पडायच्या आत रुमानाने त्यांना विचारलं की तुमच्या मुलीच्या लग्नातल्या गाड्याही आमच्याच मैदानात होत्या ना? फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. अण्णांना दुसऱ्या कार्यक्रमाची आठवण झाली. फ्लेक्स मात्र राहिला, आणि फ्लेक्स पाहून भाऊंच्या लोकांची खात्री पटली की फूस अण्णांची. इकडे अण्णांच्या लोकांना शंका आली, की आपल्याला तोंडघशी पाडायला भाऊंनीच पोरीला पढवलंय. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिसरीच कुजबुज सुरू झाली. लहान मुलीच्या तोंडून नक्की कोण बोलतंय ते नाव वाचून समजून घ्या, असं लिहून पुढे हात जोडलेले. शिकलीसवरलेली माणसं हो ही. गुड मॉर्निंगही त्याच ग्रुपवर पाठवतात.

नियाजभाई घाबरले. का नाही घाबरणार? ज्यांच्या घरच्या गाद्या त्यांच्या वडिलांनी भरल्या होत्या, ती माणसं दुकानापाशी थांबून, काय नियाजभाई, राजकारणात का, असं हसत विचारायला लागली. हसत विचारलेलं जास्त लागतं.

भाऊंचा सरांना फोन आला. भाऊ रागावले नव्हते, हेच भयंकर होतं. अगदी समजुतीच्या सुरात बोलले. आठवीतली पोरगी असं बोलत नसते सर, म्हणाले, हे तुम्हालाही कळतं. रीतसर चौकशी करा. ज्याने कोणी शिकवलं त्याचं नाव मला पाहिजे, त्याला घरी बसवू. नावच मिळत नसेल तर मुलीच्या बापाला सांगा दाखला काढून न्यायला. दोन्हींतलं एक झालं, की तुमचं कायमचं पत्र तयारच आहे, फक्त सही राहिलीय.

सरांनी फोन ठेवला आणि बराच वेळ ते फलकाकडे बघत बसले. एका पारड्यात ते पत्र आणि दुसऱ्या पारड्यात कोणीतरी एक माणूस. कोण, ते सरांनी ठरवायचं होतं. अशा वेळी आपल्याला फार वाईट वाटतंय असं सरांनी स्वतःला सांगितलं, आणि वाटतही होतं, पण थांबावं इतकं वाटत नव्हतं.

खरं म्हणजे सरांचा मनातून एका नावावर संशय होता, आणि त्याचं कारण मोठं विचित्र. रुमानाचं वाक्य त्यांना आवडलं होतं. 'तुम्ही धावता, मग आम्ही कुठे धावायचं?' हे त्यांना स्वतःला सुचायला हवं होतं. सभागृहात सगळे घाबरले तेव्हा सरांच्या मनात पहिल्यांदा जे आलं, ते भय नव्हतं. तो मत्सर होता. इतकं बांधेसूद वाक्य पोरीचं असणं शक्य नाही. कोणीतरी जाणत्या माणसाने ते घडवलंय. आणि शाळेत तसं माणूस एकच, आम्रपाली ओव्हाळ.

आम्रपाली नागरिकशास्त्र शिकवायची. शिक्षणसेवक म्हणून लागलेली, अजून कायम व्हायची होती. तिच्या आजोबांनी छप्पनच्या दीक्षेनंतर येरवड्यात पोरांसाठी अभ्यासिका चालवली होती, आणि घराण्यात ती खोड तेव्हापासून चालत आलेली: समोरच्याने काही सांगितलं की कशावरून, असं विचारायचं. तासाच्या शेवटी ती मुलांना सांगायची की आज मी बोलले त्यातलं काय पटलं नाही ते बोला. पहिले काही आठवडे वर्गाने तिच्याकडे वेड्यासारखं पाहिलं. मग एकाने हात वर केला. मग तास संपल्याची घंटा ऐकू येईना.

सरांनी तिला बोलावून घेतलं आणि गोडीगुलाबीने विचारलं. ती म्हणाली, मी लिहून दिलेलं नाही. सर म्हणाले, बाई, वाक्य फार चांगलं होतं हो. त्यावर आम्रपाली म्हणाली की म्हणूनच ते माझं नाही सर, मी लिहिलं असतं तर त्यात संविधान आलं असतं आणि ते लांबलं असतं. सरांना हे पटलं, आणि पटल्यामुळे त्यांना जास्तच राग आला.

मग राहिला दाखला. सरांनी नियाजभाईंना बोलावून चहा पाजला. मुलीच्या हिताचं बोलतोय, म्हणाले, वातावरण निवळेपर्यंत तिला दुसरीकडे ठेवलेलं बरं, तुम्ही स्वतःहून अर्ज दिलात तर शाळा काही शेरा मारणार नाही. नियाजभाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मिरजेला तिची फुफी असते, तिच्याकडे पाठवतो, म्हणाले. पण पोरगी ऐकायला तयार नाही साहेब, चौकशी होऊ द्या म्हणते, माझं सांगणं मी सांगेन म्हणते. एवढं बोलून त्यांनी अर्ज लिहून आणायचं कबूल केलं आणि कपातला चहा तसाच ठेवून उठले.

चौकशीच्या दिवशी ऑफिसात पाच माणसं होती. मधोमध सर. शेजारी निरीक्षक म्हणून उत्कर्षा. जाहिरात कंपनीची पोरगी शाळेच्या चौकशीत निरीक्षक कशी, हे कोणी विचारलं नाही. विचारणारी एकच होती आणि तिचीच चौकशी चालली होती. उत्कर्षाने तिपाईवर मोबाइल लावून रेकॉर्डिंग सुरू केलं. व्हिडिओने घाण झालीय तर व्हिडिओनेच साफ करायची, असं कंपनीचं म्हणणं. एका खुर्चीच्या कडेवर नियाजभाई, खिशात अर्ज. आम्रपाली खिडकीपाशी. आणि टेबलासमोर रुमाना, उभी.

विचारायचे प्रश्न छापून आलेले होते, शाळेच्याच लेटरहेडवर. सरांनी ते सकाळी पहिल्यांदा पाहिले. जन्मभर जगाला लिहून देणाऱ्या माणसाच्या हातात आज दुसऱ्याने लिहिलेला कागद होता, आणि भाषा इतकी ओबडधोबड की सरांना ती वाचायची लाज वाटत होती. तरी त्यांनी चष्मा लावला आणि घसा साफ केला.

"सदर प्रश्न विचारण्यास तुला कोणी प्रवृत्त केले?"

रुमाना तोंड उघडणार, तेवढ्यात खिडकीपाशी उभी असलेली आम्रपाली पुढे आली.

"मी केलं," ती म्हणाली. "मी लिहून दिलं आणि तिने पाठ केलं. तिचा काही दोष नाही. तिला शाळेतून काढू नका."

खोटं होतं. सरांना ते खोटं आहे हे ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर सरांना इतकं हायसं वाटलं, की त्यांनी त्या प्रभारी खुर्चीला पहिल्यांदा पाठ टेकली. सगळ्यांचंच भलं झालं की हो. भाऊंना नाव मिळालं, नियाजभाईंची पोरगी शाळेत राहिली, आपलं पत्र आलं. राहता राहिली आम्रपाली, तर ती हुशार आहे, कुठेही लागेल. सर मनातल्या मनात तिच्या निरोपाचं भाषणसुद्धा जुळवायला लागले. पहिली दोन वाक्यं छान जमली होती.

"बाई खोटं बोलतायत," रुमाना म्हणाली.

उत्कर्षाने तिला हाताने थांबवलं. प्रेमाने म्हणाली की बेटा, मॅडमनी कबूल केलंय, तुझ्यावर काही येणार नाही, इश्यू संपला. नियाजभाईंनीही मागून दबक्या आवाजात, चूप बैठ बेटा, असं म्हणून पाहिलं. पण पोरीने कोणाकडेच पाहिलं नाही. ती आम्रपालीकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते. भाऊंसमोर ती रडली नव्हती. चौकात स्वतःचा फोटो लटकलेला पाहून रडली नव्हती. व्हॉट्सॲपवरचं ते घाणेरडं लिहिलेलं तिला मैत्रिणींनी दाखवलं होतं, तेव्हाही नाही.

"प्रश्न माझा होता, बाई," ती म्हणाली. "तुम्ही का घेताय?"

आम्रपालीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. जी बाई वर्षभर या मुलांना सांगत होती की तुमचं तुम्ही बोला, तिनेच आज पोरीचं बोलणं स्वतःच्या नावावर लावून घेतलं होतं. प्रेमापोटी, पण घेतलं होतं. ती टेबलाचा कोपरा धरून उभी राहिली.

इथे सरांनी गप्प बसायला हवं होतं. कबुलीजबाब झाला होता, रेकॉर्डिंग झालं होतं, कागद बाजूला ठेवून चहा मागवला असता तरी भागलं असतं. पण सरांच्या आतला तो लेखक, त्याला काही राहवेना. ते वाक्य नक्की कोणाचं, हे त्याला कळायलाच हवं होतं. पत्रापेक्षा, फलकापेक्षा त्या क्षणी त्याला त्याचीच पडली होती.

"तुझाच ना प्रश्न?" सर म्हणाले. "मग आत्ता, इथे एक विचार. कोणी लिहून न दिलेला. बघू."

हे जमणार नाही याची त्यांना खात्री होती. तालमीशिवाय, कागदाशिवाय, समोर मुख्याध्यापक आणि कॅमेरा असताना भलेभले अडखळतात. भाऊंचं काय झालं ते सगळ्या विश्रांतवाडीने पाहिलं होतं.

रुमानाने बाहीने नाक पुसलं. तिने सरांकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या कागदाकडे, मग शेजारच्या उत्कर्षाकडे, आणि परत सरांकडे. तिला फार वेळ लागला नाही.

"सर," तिने विचारलं, "तुम्हाला हे प्रश्न कोणी लिहून दिले?"

नियाजभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. उत्कर्षा पटकन उठली आणि मोबाइलकडे गेली. हा भाग आपण कट करू सर, म्हणाली.

"राहू द्या," सर म्हणाले. "चालू राहू द्या."

आपण असं म्हटलं याचं सरांनाच नवल वाटलं. उत्तर काय द्यायचं ते कुठे कंसात लिहिलेलं नव्हतं. त्यांनी समोर पाहिलं तर एक आठवीतली मुलगी उत्तराची वाट पाहत होती, आणि नुसतं विचारायचं म्हणून नाही, तिला खरंच उत्तर हवं होतं. इतक्या वर्षांत सरांकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. सगळे त्यांच्या हातातल्या कागदाकडेच बघत आले होते.

"भाऊंच्या माणसांनी लिहून दिले," सर म्हणाले. आणि तिथे न थांबता बोलत राहिले. "मी नुसते वाचतोय. या शाळेत आजवर जो जो बोलला, त्याला मी लिहून दिलं, आणि मला वाटायचं मी मुलांना बोलायला शिकवतो. तुला कोणी शिकवलं नाही, हे मला कळलंय. तू एकटीच माझ्या हातून सुटलीस."

मोडकंतोडकं झालं होतं ते. सरांनी कधी कोणाला लिहून दिलं नसतं असं. आम्रपालीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, पण सरांना तिच्या नजरेला नजर देता आली नाही. ते नियाजभाईंकडे वळले, कारण तिकडे त्याहून अवघड काम उरलं होतं.

"नियाजभाई, तो अर्ज तुमच्यापाशीच ठेवा. आठवी पुरी होईपर्यंत कुठल्याच मुलाला शाळेतून काढता येत नाही, तसा कायदाच आहे. म्हणून तर तुम्ही स्वतःहून न्यावं असं तुम्हाला सांगितलं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

नियाजभाईंनी खिशावर हात ठेवला. त्यांनी आभार मानले नाहीत. का मानावेत? आठ-दहा दिवस हा माणूस झोपला नव्हता, बहिणीला फोन करून पोरीच्या कपड्यांची व्यवस्था लावत होता, आणि हे गृहस्थ त्याला चहा पाजत होते.

उत्कर्षाने तिपाई मिटली. तिला वाईट वाटत होतं की नुसता उशीर होत होता, सांगता येत नाही. सर, हे मला भाऊंना पाठवावं लागेल, म्हणाली. सर म्हणाले, पाठवा. ती व्हरांड्यात गेली आणि तिचा आवाज काही वेळ बाहेरून येत राहिला. मग तो थांबला, आणि टेबलावरचा सरांचा फोन वाजायला लागला. पडद्यावर जयसिंगभाऊंचं नाव आणि हात जोडलेला फोटो.

सरांना नीट ठाऊक होतं की त्या फोनच्या पलीकडे काय आहे. उद्या या खुर्चीत दुसरं कोणीतरी बसेल, ताठच बसेल. ओव्हाळ बाईंवर पुन्हा काहीतरी बालंट येईल, तेव्हा त्यांच्या बाजूने बोलायला जावं लागेल, तेही तोंडी. मैदानातल्या गाड्या काही आज हलणार नव्हत्या. त्या दिवशीसुद्धा एका लग्नाची वरात मागे वाजत होती. आणि घरी नातेवाइकांना परत फोन करावे लागतील, ते तर सगळ्यात वाईट. त्यांना भीती वाटत होती, आणि भीती वाटतेय हे लपवायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. फोन वाजून वाजून थांबला आणि परत वाजायला लागला.

रुमाना अजून टेबलासमोर उभीच होती. जा वर्गात, असं तिला कोणी म्हटलं नव्हतं.

सरांनी फोन उचलून खणात ठेवला, खण लावला आणि चष्मा पुसत तिला विचारलं, "अजून काही विचारायचंय?"

"हो, पुष्कळ," रुमाना म्हणाली, आणि उत्कर्षाची रिकामी खुर्ची पुढे ओढून बसली.